हॅमिल्टनबाहेरचा दोन नंबरचा पंप

भुताखेतांच्या गोष्टी ज्यांना टाइमपास वाटतात, त्यांनी पुढे वाचू नका. कुणाला पटवून द्यायची मला हौस नाही. माझ्या उजव्या तळहाताची कातडी नवी आहे, गुलाबी आणि गुळगुळीत. जुनी कशी गेली, तेवढंच सांगते.

१७ जानेवारी २००९, शनिवार. संध्याकाळचे पाच.

हॅमिल्टनहून मिसिसागाला येताना हायवे सोडून थोडं आत एक लहानसं गॅस स्टेशन होतं. नाव देत नाही.

मी उल्का. नागपूरहून कॅनडात येऊन आम्हाला दीड वर्ष झालं होतं. नवरा, जयदीप, ऑफिसच्या कामाने ऑटावाजवळ कनाटा इथे गेला होता. माझी हॅमिल्टनची मैत्रीण सुरेखा हिच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, म्हणून चार वर्षांच्या ऊर्मीला मागे बसवून मी एकटीच गाडी घेऊन गेले होते. अंगावर काळी सिंथेटिक साडी, वर लोकरीचा कोट. लायसन्स मिळून तीन महिने झाले होते आणि मिजास तर विचारू नका.

पेट्रोल स्वतः भरणं नागपुरात मी कधी केलंच नव्हतं. तिथे काच खाली करायची, बाकी सगळं पंपावरचा माणूस बघतो. इथे आपलं आपणच. सुरेखाने मला एक युक्ती शिकवली होती. नळी टाकीत घालायची, खटका दाबायचा, खटक्याच्या फटीत टाकीचं झाकण अडकवायचं आणि खुशाल गाडीत जाऊन बसायचं. बोटं गोठत नाहीत.

मी दोन नंबरच्या पंपाशी गाडी लावली. पंपावर सूचनांची मोठी पाटी होती. आम्ही कसल्या वाचतोय.

थंडी उणे बावीस. इंजिन बंद केलं, झाकण अडकवलं, पेट्रोल सुरू झालं. तेवढ्यात ऊर्मीने मागे भोकाड पसरलं. ज्यूस सांडला होता. मी मागच्या सीटवर सरकून बसले, तिचे हात पुसले, जॅकेट पुसलं. माझा हात ओला आणि चिकट झाला. ती शांत झाली आणि डोळे मिटून पडली.

मी उतरले. हात चिकट होता म्हणून दार कोपराने ढकललं. डाव्या हातातल्या रिमोटने सवयीने गाडी लॉक केली.

आणि ऐकलं...

काहीच नाही.

पंपाची घरघर बंद. वारा बंद. मागून हायवेचा आवाज येत होता, तोही नाही.

मग वास आला... केस जळल्याचा.

वाटलं, इथून लवकर निघावं. मी नळीकडे उजवा हात नेला. वीतभर अंतर उरलं होतं.

कुणीतरी माझं मनगट धरलं.

समोर कुणी नव्हतं.

ती पकड गरम होती. उणे बावीसमध्ये, तव्यासारखी गरम.

मी ओरडले. पकडीने माझा हात मागे पिरगळला, इतका की खांद्यात काहीतरी कटकन वाजलं. मग मला गर्रकन फिरवून गाडीवर आपटलं. कपाळ दाराच्या कडेवर बसलं आणि डोळ्यात रक्त उतरलं. मी लाथा मारल्या, पण लागणार कुणाला? पुन्हा आपटलं. ओठ फाटला.

मग तिने माझी मूठ उघडली. एकेक बोट. करंगळी उघडेना, तर मोडली.

आणि उघडा तळवा गाडीच्या पत्र्यावर दाबला.

चट्.

निळी ठिणगी मी डोळ्यांनी पाहिली. तिचा झटका कोपरापर्यंत गेला. ओला तळवा त्या गोठलेल्या पत्र्याला चिकटून बसला.

मनगट सुटलं. मला वाटलं, संपलं.

नव्हतं संपलं.

माझ्या हातापासून फूटभरावर मागच्या दाराचं हँडल होतं. ते वर उचललं गेलं... खट.

सुटलं... पुन्हा उचललं गेलं... खट. खट. खट.

आत माझी ऊर्मी झोपली होती.

मी हात ओढला. कातडी पत्र्यावर राहिली. कसं दुखलं ते लिहीत नाही. मी दारावर अंग टाकलं, तेव्हा माझ्या पोटाखाली ते हँडल हिसडे खात होतं. एक मोठा हिसडा बसला आणि ते मुळापासून उपटून बर्फात पडलं.

तेवढ्यात दुकानातून कुणीतरी मराठीत ओरडलं. पंपाची घरघर पुन्हा सुरू झाली.

ते एलायजाकाका. मूळचे अलिबागकडचे ज्यू, ते दुकान चालवायचे. साडी बघून त्यांनी मराठीत हाक मारली होती.

"पोरीला घेऊन आत जा," ते म्हणाले. "नळीला हात लावू नका. ती मी काढतो."

मला वाटलं, आता हे पोलिसांना बोलावतील. त्यांनी आधी माझा तळवा पाहिला, मग पत्रा पाहिला. माझा हात कोमट पाण्यात धरून मला एकच विचारलं.

"मध्येच गाडीत जाऊन बसलात ना?"

मी मान हलवली.

मग त्यांनी समजावलं. असले कपडे सीटला घासले की अंगात वीज साठते. उतरून थेट नळीला हात लावला की ठिणगी पडते आणि तिथे पेट्रोलची वाफ असते. म्हणून आत बसायचंच नाही. बसलंच, तर उतरल्यावर आधी उघड्या हाताने पत्र्याला शिवायचं, मग नळीला. तेच पाटीवर लिहिलं होतं.

पाच हिवाळ्यांपूर्वी त्याच पंपावर एक बाई अशीच उतरली होती. नळीला हात लावला आणि भडका उडाला. घाबरून तिने नळी बाहेर ओढली, पेट्रोल सगळीकडे उडालं. मागे तिचं तान्हं मूल होतं आणि गाडी लॉक होती. ती जळत होती आणि दाराचं हँडल ओढत होती. दोघंही गेली.

जयदीपचं म्हणणं, ओला हात थंडीत लोखंडाला चिकटतोच. मनगटावरचे चार बोटांचे फोड पाहिल्यावर त्याने त्यांवर स्वतःची बोटं ठेवून बघितली. गॅरेजवाल्याने विचारलं, हँडल कशाने उपटलं?

सासूबाई मात्र फोनवर ठामपणे म्हणाल्या, "तिने तुझा जीव वाचवलाय. जाऊन तिची ओटी भर."

खण, नारळ, तांदूळ मी काढून ठेवले. किती वर्षं झाली, तसेच कपाटात आहेत. नारळ वाळून खुळखुळतो.

मी गेले नाही. जाणार नाही. वाईट वाटतं, पण तिच्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञता नाही, भीती आहे. कारण ठिणगी पडून गेली होती. मी वाचले होते. तिचं काम झालं होतं. मग त्यानंतर ती ऊर्मीचं दार का उपटत होती?

एखाद्या बाईची ओटी भरायची म्हणजे तिला मूल मिळो, असं मनापासून म्हणायचं.

त्या संध्याकाळी तिथे मूल एकच होतं. माझं.