पूजेआधीची धार

कुलूप मोडलेले नाही, किल्ली हरवलेली नाही, तरीही घर उघडे आहे, हे कसे? अकरा वर्षांच्या मृण्मयीला हे कोडे खंडेनवमीच्या सकाळी पडले. चंद्रावरील वसाहतीच्या हरितगृहात तिची वांग्याची बारा रोपे होती आणि त्यांची ऊब संगणकाच्या हाती होती.

"पृथ्वीवरून पत्रक आलंय," संगणक सांभाळणारी शकूआत्या म्हणाली. "आपल्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये (संगणकाचा सारा कारभार पाहणाऱ्या मूळ आज्ञावलीत) भगदाड सापडलंय. हा कारभारी हुकूम आणणाऱ्याची ओळख तपासतो. पण निरोप फार लांबलचक असला, की वाचता वाचता तपासायचंच विसरतो. मग कोणीही परका म्हणेल, ऊब बंद कर, हा करेल."

"पण भगदाड कालही होतंच ना?"

"होतं. ठाऊक नव्हतं. आज पत्रक आपण वाचलं, तसं चोरांनीही वाचलं. सोबत पॅच (भगदाड बुजवणारे ठिगळ) आलाय. आधी कोण पोचतं, एवढाच प्रश्न."

संगणकाच्या वाटेत वसाहतीचे व्यवस्थापक त्र्यंबकराव दिघे पूजेचे ताट घेऊन उभे होते. "आज यंत्रांना विश्रांती. हात लावायचा नाही. तीन पानी परिपत्रक काढलंय."

"चोरांना पाठवलंत का?" आत्याने अत्यंत आदराने विचारले.

त्र्यंबकराव विचारात पडले. विचार करणे त्यांना वर्ज्य नव्हते. फक्त परिपत्रकाच्या वाटपापलीकडे ते कधी गेले नव्हते. "ते आपल्या यादीत नाहीत," ते म्हणाले.

मृण्मयीने रोपांकडे पाहिले. "काका, गावी तुमचे आजोबा खंडेनवमीला कोयता पुजायचे ना? गंजलेलाच पाटावर ठेवायचे?"

"छे. आधी घासून, धार लावून, मग पूजा."

"मग या संगणकाला धार कुठे लावलीय?"

त्र्यंबकराव ताटासह झटकन संगणकाकडे वळले. चंद्राच्या क्षीण गुरुत्वाकर्षणात कुंकू सावकाश उडाले आणि त्याहून सावकाश त्र्यंबकरावांच्या नाकावर उतरले.

"किती वेळ लागेल?" त्यांनी विचारले.

"नऊ मिनिटं," आत्या म्हणाली. "तोवर ऊब हातानं चालवावी लागेल."

आत्या पॅच लावत होती, तोवर नऊ मिनिटे मृण्मयी उबेच्या यंत्राचा दांडा फिरवत राहिली. संगणक पुन्हा जागा झाला, तेव्हा आत्या म्हणाली, "आता खोटा हुकूम पाठवून पाहू. लांबलचक मजकूर हवा."

तिने त्र्यंबकरावांचे परिपत्रक संपूर्ण जोडले आणि शेवटी लिहिले: ऊब बंद कर.

संगणकाने तिन्ही पाने वाचली. वसाहतीत ती वाचणारा तो पहिलाच. मग पडद्यावर उमटले: "ओळख पटली नाही. हुकूम नामंजूर."

"आता कधीच भगदाड पडणार नाही?" मृण्मयीने विचारले.

"पडेल. पण शोधणारेही वाढतील. तू आहेसच."

त्र्यंबकरावांनी संगणकाला माळ घातली आणि नवे परिपत्रक काढले. ते एका ओळीचे होते: आधी धार, मग पूजा.