कोहळे सरांचा समुद्र

दिव्याची वात जरा वर घ्या. गोष्ट दिवेलागणीच्या वेळेची आहे.

सन एकोणीसशे शहाऐंशीच्या कार्तिकात, एका सकाळी, वामनराव कोहळे पांढुर्ण्याच्या स्टेशनावर पार्सल सोडवून घ्यायला गेले. फलाटावर संत्र्यांच्या पेट्या रचलेल्या होत्या आणि त्यांच्या पलीकडे, हमालाच्या पायाशी, एक ओले पोते होते. पोत्यात प्राणवायूने फुगवलेल्या पिशव्या. पिशव्यांत मुंबईहून निघालेले नऊ मासे. नऊच्या नऊ जिवंत! शाळेत जीवशास्त्र शिकवणारा, चाळिशीला टेकलेला तो गंभीर गृहस्थ पोते उराशी धरून अक्षरशः धावत टांग्याकडे गेला.

घरची तयारी महिनाभर आधीच झाली होती. बाहेरच्या खोलीत चार फुटांची काचपेटी, तीत मुंबईहून कॅनांतून आणवलेले समुद्राचे पाणी, तळाला पांढरी वाळू आणि मधोमध प्रवाळाचा खडक, जांभळा, हिरवा, वाऱ्याविना डोलणारा. कोणी त्याला पोवळे म्हटले की वामनराव थांबवत.

“पोवळे अंगठीत असते. हे प्रवाळ आहे. हे जिवंत आहे.”

शब्द नेमका असला की वस्तू नेमकी दिसते, अशी त्यांची धारणा होती. गावाने मात्र आपला शब्द आपणच निवडला : कोहळे सरांचा समुद्र. तिगावचे लोक आले, सौंसरचे आले. जामसांवलीच्या मारुतीला निघालेल्यांनीही वाट वाकडी केली. ज्यांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता ते काचेला नाक लावून तासभर उभे राहत. निळा मासा, पिवळा मासा, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे ल्यालेली जोडी. आणि मग, बघून बघून भागले की, सगळ्यांची नजर शेजारच्या पाळण्याकडे वळे.

पाळण्यात मंगला असे. सातव्या महिन्यात जन्मलेली आणि आता सात महिन्यांची. तिच्या आधी या घरात दोनदा पाळणा बांधला गेला आणि दोन्ही वेळा वर्षाच्या आत सोडावा लागला. मंगलेचे अंग रोज तिन्हीसांजेला तापे, डॉक्टरांना कारण सापडत नसे. तिने वर्ष ओलांडावे, याहून दुसरे मागणे त्या घराला नव्हते. आणि आश्चर्य असे की समुद्र आल्यापासून तिचा ताप गेला होता. तिला पंपाच्या बुडबुड्यांच्या आवाजात झोप लागते, म्हणून आई उषाने पाळणाच तिथे आणून टांगला होता.

मासे मात्र मरू लागले.

रोज एक. संध्याकाळची शिकवणी आटोपून वामनराव आठला घरी येत, तेव्हा एक मासा वाळूवर आडवा पडलेला असे. जखम नाही, बुरशी नाही, कल्ले लालभडक. दुसरा कोणी असता तर खचला असता. वामनरावांना मात्र चेव चढला. कोडे! पहाटे उठून ते पाण्याचे नमुने तपासू लागले. अमोनिया? नव्हता. तांबे? नळाची पितळी तोटी त्यांनी पाण्याजवळ फिरकू दिली नव्हती. पाणी आटे तेवढी भर ते बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याची घालत. डासांचे औषध घरात बंद झाले, देवापुढची उदबत्ती मागच्या दारी गेली. वीज गेली की त्यांची थोरली बहीण जयवंताताई सायकलचा पंप नळीला लावून स्वतः हवा भरी.

“वामन, आता मी मास्यायची बी दाई झाली ना रे!” ती हसून म्हणे. वैधव्यानंतर ती भावाकडेच राहत होती आणि मंगलेला अंगाखांद्यावर तीच वाढवत होती.

सहा मासे गेले. सातव्या सकाळी दोन गोष्टी एकदम हाती आल्या. पाण्याची घनता मोजायची काचनळी केसभर वर तरंगत होती : पाण्यात मीठ वाढले होते! आणि वाळूत चिमट्याला काहीतरी काळे, गोल लागले. वामनरावांनी ते भिंगाखाली धरले आणि आनंदाने जवळजवळ ओरडलेच.

“उषा! मोहरी!”

“अहो, मग त्यात एवढं नाचासारखं काय हाये?” उषा कणीक मळता मळता म्हणाली. “फोडणीची उडाली असन.”

“स्वयंपाकघरातून? दोन दारे ओलांडून, झाकण उचलून?”

त्या संध्याकाळी शिकवणीला जातो म्हणून ते निघाले आणि मागच्या दाराने परत येऊन पडद्याआड उभे राहिले. छाती धडधडत होती, पण भीतीने नव्हे. पारध टप्प्यात आल्यावर धडधडते तशी.

दिवेलागण झाली. जयवंताताई आली. तिच्या मुठीत काहीतरी होते. तिने पाळण्यावरून मूठ ओवाळली, डोक्यापासून पायांपर्यंत, सात वेळा, ओठांतल्या ओठांत पुटपुटत. मग ती काचपेटीकडे वळली, झाकण उचलले आणि मूठ पाण्यात सोडली. खडेमीठ आणि मोहरी. उरलेल्या तिघांतला निळा मासा प्रवाळाआडून निघाला, कोणी हाक मारल्यासारखा सरळ तिच्या हातापाशी आला, क्षणभर थांबला... आणि कुशीवर वळला.

“ताई!”

ताई दचकली नाही. ओशाळली मात्र.

“काय करून राहिली होती तू?”

“दृष्ट काढून राहिली होती. आनखी काय?”

“दृष्टीचे मीठ चुलीत टाकतात.”

“कोन्त्या चुलीत, बापा? चूल तूनंच काढून फेकली ना! गॅसवर टाकलं त बर्नर बुजते अन् उषा माह्यावर बोंबलते. घरात इस्तव नाही. मंग म्हटलं, समुद्रात मीठ टाकलं त कोनाले दिसते? मीठच हाये तेथी, मिठातच गेलं.”

वामनराव मोठ्याने हसले. कोडे सुटले होते! मोहरीचा अर्क, मिठातली अशुद्ध द्रव्ये... पण मुठीतले मीठ एवढ्या पाण्याला कितीसे? आणि रोज एकच मासा का? शास्त्राचा माणूस अंदाजावर थांबत नाही. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला त्यांनी तीच बरणी घेतली, ताईची मूठ भरवली, आणि मंगलेवरून न ओवाळता ते मीठ पाण्यात टाकायला लावले.

दोन्ही मासे खुशाल पोहत राहिले.

त्या रात्री मंगलेचे अंग तापले.

“थंडी बाधली असेल,” वामनराव म्हणाले. दुसऱ्या संध्याकाळी तिने त्यांना न विचारता मूठ ओवाळली. मीठ पाण्यात पडले, पिवळा मासा मुठीपाशी आला आणि आडवा झाला. ताईने पोरीच्या कपाळावर हात ठेवला.

“पाह्य. गार.”

वामनराव वहीत लिहीत होते. आणि सांगायला संकोच वाटतो, पण उत्साहाने लिहीत होते. असा प्रयोग कोणी केला नव्हता! मग त्यांची नजर आपणच लिहिलेल्या शब्दावर खिळली. ‘दृष्ट.’ संस्कृतात त्याचा अर्थ पाहिलेले. आपण म्हणतो, दृष्ट काढली. काढलेली वस्तू कुठेतरी ठेवावी लागते. चुलीत ती जळते. पाण्यात...?

“ताई,” त्यांनी हळूच विचारले, “ही दृष्ट... कोणाची? गावातल्या लोकांची?”

“गावातले लोक आता येऊन राहिले. पोरीले ताप आधीपासून हाये.” ताईचा आवाज अगदी खाली गेला. “दोन लेकरं पाहून नेली त्यानं. तिसरं सोडीन काय?”

“त्यानं म्हणजे...?”

ताईने पाळण्याकडे पाहिले आणि पदर तोंडाला लावला.

आता एकच मासा राहिला होता. दुसऱ्या दिवशी दुपारीच वामनरावांनी मुंबईला तार केली : मासे पाठवा, मिळतील ते, लगेच. आठ दिवस लागणार होते. संध्याकाळी वीज गेली. कंदिलाच्या उजेडात मंगलेचे तोंड लाल दिसू लागले, श्वास उथळ झाला. डॉक्टर येऊन, औषध पाजून गेले होते. पारा चढतच होता. उषा पाळण्याची दोरी धरून उभी होती.

“अहो... तुम्ही काई करा ना...”

ज्या हाताने ते फळ्यावर हृदयाचे चार कप्पे काढत, त्याच हाताने वामनरावांनी मीठमोहरी घेतली. सात वेळा ओवाळली. पट्टेवाल्या जोडीतला उरलेला मासा आला, आणि गेला. मंगलेला घाम फुटला, ती झोपली. त्या घरात त्या संध्याकाळी कोणी जेवले नाही. पण पोर जगली, पोर जगली, असे उषा कितीतरी वेळ पुटपुटत होती.

आणि मग दुसरी दिवेलागण आली.

पेटीत कोणी नव्हते. प्रवाळाने अंग आखडून घेतले होते. पंप बंद, खोलीत ओहोटीच्या चिखलाचा उग्र वास; आणि पाळण्यात मंगला, तापाने फणफणलेली, डोळे पांढरे करत.

“टाक,” ताई कुजबुजली.

“ताई, आत कोणी नाही. घेणार कोण?”

“टाक ना, बापा!”

त्यांनी ओवाळले. हात कोपरापर्यंत पाण्यात घातला. पाणी गार असायला हवे होते. ते अंगाएवढे कोमट होते. मूठ उघडायला त्यांचे मन धजेना. त्यांनी ती आवळून धरली... तरीही बोटांमधून एकेक खडा कोणीतरी अलगद काढून घेत होते. मूठ आवळलेलीच होती, आणि मूठ रिकामी झाली.

मागे मंगलेने उसासा टाकला. ताप उतरला होता.

पहाटे वामनराव आधी पाळण्याशी गेले. अंग गार, श्वास संथ. मग काचेशी. आणि त्यांच्या तोंडून असा आरोळीवजा शब्द निघाला की शेजारी जागे झाले.

प्रवाळाच्या कपारीत मासा होता!

वीतभर लांब, मिठाच्या खड्यासारखा धुरकट पांढरा. पार्सल आले नव्हते, झाकणावर रात्री ठेवलेली वीट तशीच होती. वामनरावांनी वही ओढली, ग्रंथ उघडले, परांचे काटे मोजले. जुळेना. एकाही चित्राशी जुळेना!

“ताई, याला नावच नाही! हा कोणी पाहिलेलाच नाही!”

“आता पोरीची चिंता गेली,” ताई हात जोडून म्हणाली. “हा नाही मरत. पाह्य ना कसा धीट हाये.”

वामनराव भराभर लिहीत सुटले. पर, पुच्छ, खवले. मग नेत्र. मासा काचेजवळ येऊन त्यांच्याकडे पाहत होता. त्याच्या डोळ्यांवर वर आणि खाली त्वचेची बारीक घडी होती, आणि घडीला केस होते. वामनरावांनी ‘पापण्या’ असे लिहिले. माशाला पापण्या नसतात, हे वाक्य ते दरवर्षी आठवीच्या वर्गात सांगत. त्यांनी तो शब्द खोडला. पुन्हा पाहिले. पुन्हा लिहिला.

“अहो,” पाळण्यापाशी उषा आनंदाने म्हणाली, “किती शहाणी झाली पोरगी! पहाटेपासून जागी हाये, पन रडली नाही. नुसती टुकुटुकु पाहून राहिली.”

वामनराव पाळण्यावर वाकले. मंगलेचे गाल भरलेले, ओठ गुलाबी. ती त्यांच्याकडे पाहत होती. त्यांनी मनातल्या मनात आकडे मोजायला सुरुवात केली. तीस झाले. साठ झाले. मंगलेची नजर हलली नाही, आणि डोळेही मिटले नाहीत.

लहान मुलाच्या तोंडावर फुंकर घातली की ते डोळे मिटते. वामनरावांनी ओठांचा चंबू केला आणि अगदी हलकी फुंकर घातली.

मंगला हसली. आणि पाहतच राहिली.

“अगं बाई!” मागून, काचपेटीपाशी उभी असलेली जयवंताताई हरखून ओरडली. “वामन, पाह्य पाह्य! तुह्या मासोळीनं डोये मिटले!”