तिसऱ्या मजल्यावरचं बिऱ्हाड

जेवणापासून ऐकतोय मी तुम्हा बहीणभावाचं. भाड्याने घ्यायचं की विकत, विकत घ्यायचं की भाड्याने. पदवी हातात येऊन महिना नाही झाला आणि डोक्यात घर शिरलं. मामा, तुझं मत सांग म्हणता, पण मला मत नाही. एक हकिकत आहे माझ्यापाशी, ती सांगतो. आधी तो गॅलरीतला दिवा घालव, डास येतात. हं. आता बसा.

आमच्या पाणीपुरवठ्याच्या कचेरीत, नकाशांच्या खोलीत, माझ्या शेजारच्या टेबलावर एक जण बसायचा. तीस वर्षं आम्ही शेजारी. आम्ही सगळे त्याला 'बिऱ्हाड' म्हणायचो. कारण एकच, त्याचं बिऱ्हाड कायम पाठीवर. लग्नानंतर चौदा घरं बदलली त्याने, सगळी भाड्याची. कधी मालकाचा मुलगा परत यायचा, कधी मालकाला छप्पर नव्याने घालायचं असायचं. नवीन पत्ता सांगताना स्वतःच हसायचा, "लिहून घेऊ नकोस रे, नुसता ऐकून ठेव."

बायको लवकर गेली. एकच मुलगी. शांत, हुशार, हट्टी. फिजिओथेरपी शिकली आणि पास झाल्याबरोबर पाच तासांवरच्या एका शहरात, मोठ्या हॉस्पिटलात तिला नोकरी लागली. त्याच वर्षी हा निवृत्त झाला. झालं, बापलेकीत तुमच्यासारखंच सुरू झालं.

मुलगी म्हणायची, "बाबा, भाड्याने राहू. ही नोकरी मला मानवते की नाही तेच अजून कळलेलं नाही. उद्या दुसरीकडे चांगली मिळाली तर घर काय डोक्यावर घेऊन जाऊ?"

आणि हा म्हणायचा, "चौदा घरांत भिंतीत खिळा ठोकायच्या आधी विचारावं लागलं मला. तुझ्या वाट्याला ते नको."

शेवटी मध्यम मार्ग निघाला. एक घर असं मिळालं, की मालक परदेशात, विकायला तयार, पण दोन महिने भाड्याने राहून बघा आणि मग ठरवा म्हणणारा. तिसरा मजला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. इमारत कोरी करकरीत. त्या घरात तोवर कोणी राहिलंही नव्हतं. नळांवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

अकरा फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी दोघं एजंटच्या दुकानात किल्ली आणायला गेले. सामान दुसऱ्या दिवशी टेम्पोने यायचं होतं, म्हणून रात्रीपुरत्या दोन गाद्या, चादरी आणि चहाची किटली एवढंच बरोबर घेतलं. संध्याकाळी याने मला फोन केला. इतका खुशीत होता! म्हणाला, "अरे, आतल्या खोलीत सकाळचं ऊन येतं म्हणे. उद्या बघून सांगतो."

ते सांगायचं राहिलं ते राहिलंच.

आता पुढचं मला मुलीने सांगितलं. एकदा नाही, तीन-चारदा सांगितलं, आणि प्रत्येक वेळी शब्दाला शब्द तेच.

दहाला झोपले. हा बाहेरच्या खोलीत, ती आतल्या खोलीत. मधलं दार उघडं. पडदे नव्हते, त्यामुळे रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड आत येत होता. तिला पडल्या पडल्या बाबांची गादी दिसत होती आणि तिच्या पलीकडे घराचं दार.

जाग आली तेव्हा मोबाईलवर दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. दार वाजत होतं. धडधड नाही. तीनदा, हलक्या हाताने. वेळ ठरवून आलेली माणसं वाजवतात तसं.

तिला वाटलं, शेजारी कोणीतरी आजारी असेल. उठायला गेली... आणि उठता येईना. हात हलेना. मान हलेना. डोळे तेवढे उघडे. ती त्याच विषयातली, तिने स्वतःला समजावलं, असं होतं कधीकधी झोपेत, मिनिटभरात जाईल. मिनिट गेलं. हात तसाच.

बाबा उठले. शांतपणे चादर बाजूला केली, शर्टाची वरची गुंडी लावली आणि दार उघडलं. "या, या," म्हणाले. जसं काही वाटच बघत होते.

दोघं आत आली. एक पुरुष, एक बाई. तिशीच्या आतबाहेरची. त्याच्या काखेत फाईल, तिच्या खांद्याला पर्स. चारचौघांसारखी. तू हसू नकोस मध्येच. पांढरी साडी, उलटे पाय, तसलं काही नव्हतं. ती मुलगी मला म्हणाली, "काका, भुतं वाटली असती तर बरं झालं असतं. ती घर बघायला आलेली माणसं होती."

दिवा कोणी लावला नाही.

बाईने स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि बंद केला. पाण्याचा आवाज आला नाही. पुरुषाने पावलं टाकत खोली मोजली. "बारा बाय दहा," म्हणाला. बाबा मागे मागे. कुठे काय आहे ते दाखवत होते. "इथे कपाट बसेल. ही खिडकी पूर्वेची."

मग ते आतल्या खोलीत आले. तिच्या खोलीत.

गादीपाशी उभे राहिले. तिघंही. ती खालून बघत होती. तिने बाबांच्या डोळ्यांत बघितलं. बाबांनी तिच्याकडे बघितलं. आणि नजर पुढे गेली... भिंतीवर.

बाईने विचारलं, "हे सामान कोणाचं?"

"आमचं आहे," बाबा म्हणाले. "हलवतो उद्या."

त्या मुलीच्या घशातून आवाज निघेना. बाबा, मी आहे... बाबा, मी. मनातल्या मनात किंचाळत होती. ओठसुद्धा हलला नाही.

"तुम्ही मालक का?" पुरुषाने विचारलं.

"नाही. अजून ठरलेलं नाही आमचं."

"मग सोडता?"

बाबांनी खिडकीच्या चौकटीवरून एकदा हात फिरवला.

खालून एक गाडी गेली. छतावर तिचा उजेड सरकला. त्यांच्या सावल्या...

नाही. ते तिला आठवत नाही म्हणते. जाऊ दे.

"सोडतो," बाबा म्हणाले.

"मग जाणार कुठे तुम्ही?" बाईने विचारलं. अगदी मायेने.

बाबा हसले. "आमचं काय. सवय आहे."

"राहा की इथेच. आमच्याबरोबर." मग थोडं थांबून, "एकटेच आहात ना?"

...

बाबांनी पुन्हा खाली बघितलं. तिच्याकडे. कपाळाला आठ्या. काहीतरी आठवायचा प्रयत्न करतायत असं वाटलं तिला. आता आठवेल. आता म्हणतील. आता...

"हो," बाबा म्हणाले. "एकटाच आहे."

परत जाणाऱ्या पावलांचा आवाज नाही. दार लागल्याचाही आवाज नाही. तिला पुढचं कळलंच नाही. हाताला मुंग्या आल्या आणि तो हलला, तेव्हा खिडकीत उजाडलं होतं. खोलीभर ऊन.

धावत बाहेर आली. बाबा बसलेले होते. गादीची घडी केलेली, चादर तिच्यावर नीट ठेवलेली, आणि ते गादीच्या अगदी कडेला. परक्या घरी पाहुणा बसतो ना, उठायच्या तयारीत, तसे. ती समोर आल्यावर उभे राहिले.

"माफ करा," म्हणाले, "डोळा लागला माझा. आपण इथल्याच का?"

स्वतःच्या मुलीला. आपण.

त्याच दिवशी तिने ते घर सोडलं. वर पुन्हा पाऊल ठेवलं नाही. गाद्या, किटली, सगळं तिथेच टाकलं आणि हॉस्पिटलच्या जवळ एक खोली भाड्याने घेतली. याला सगळ्या डॉक्टरांना दाखवलं. मेंदूचे फोटो झाले, रक्त झालं. कोणी म्हणे वयामुळे असेल. एकसष्टाव्या वर्षी! कोणी म्हणे छोटासा झटका येऊन गेला असेल. गोळ्या दिल्या. मीही मनाला तेच सांगितलं. माणूस विसरायला लागतो, त्यात भूत कशाला आणायचं?

पण मी त्याला भेटायला जायचो ना. मला ओळखायचा तो! नावानिशी. कचेरीतल्या गोष्टी काढून हसायचा. साहेबांची नक्कल करायचा. आपली मुलगी तेवढी त्याच्या लेखी कोणी नव्हती. तिला पाणी मागताना चाचरायचा. "आपल्याला त्रास नसेल तर..." आणि रोज संध्याकाळी सहाला पिशवी उचलायचा. "निघतो आता. घरी वाट बघत असतील."

"बाबा, हेच घर आहे आपलं," ती म्हणायची.

"छान आहे हो तुमचं घर," तो म्हणायचा आणि चप्पल शोधायला लागायचा.

एकदा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "अरे, ये की एकदा आमच्याकडे. तिसरा मजला. सकाळचं ऊन येतं."

माझा चहा गार होऊन गेला हातात.

दुसऱ्या वर्षी ती पार थकली. दिवसभर हॉस्पिटलात लोकांचे हातपाय हलते करायचे आणि घरी येऊन हे. एका रविवारी मनाचा हिय्या करून ती त्याला त्या इमारतीत घेऊन गेली. वाटलं, बंद दार बघेल, समजेल. जिना हा तिच्या पुढे चढला. कुलूप लागलेल्या त्या दारापाशी उभा राहिला, शर्टाची वरची गुंडी लावली आणि तिच्याकडे वळून म्हणाला, "इथवर सोडलंत, फार उपकार झाले. आता तुम्ही निघा, उशीर होईल."

आणि दार वाजवलं. तीनदा. हलक्या हाताने.

ती म्हणते, आतून पावलं आली.

तिने त्याचा हात धरला आणि ओढत खाली आणलं. अक्षरशः ओढत. तो प्रत्येक पायरीवर रडत होता, लहान पोर जत्रेतून... नाही, लहान पोर आईपासून तोडल्यावर रडतं तसा. त्यानंतर तो फारसा बोललाच नाही.

रात्री तिने मला फोन केला. म्हणाली, "काका, मी त्यांना आत जाऊ द्यायला हवं होतं का?"

मी म्हटलं, झोप आता, सकाळी बोलू.

मी त्या एजंटला गाठलं होतं. चांगला फैलावर घेतला. तो शपथेवर म्हणाला, तिथे कोणी मेलेलं नाही, कोणी जीव दिलेला नाही, आधी तिथे शेतही नव्हतं, नुसता खडक होता. आणि असं जोडपं? "रोज दहा जोडपी घर बघायला येतात हो माझ्याकडे," म्हणाला, "कोणाकोणाचे चेहरे लक्षात ठेवू?"

तिसऱ्या वर्षी, जुलैच्या चार तारखेला, मंगळवारी पहाटे तो गेला. झोपेत. मुलगी उशाशी बसलेली होती, हात हातात घेऊन. शेवटपर्यंत तिला वाटत होतं, एकदा तरी नावाने हाक मारतील. नाही मारली.

ऑगस्टमध्ये एजंटचा फोन आला. मालकाला घर विकायचं होतं, तुमच्या गाद्या तेवढ्या घेऊन जा. तिच्याने वर जाववेना. म्हणाली, काका, तुम्ही याल का? ती खाली रस्त्यावर थांबली, मी किल्ली घेऊन वर गेलो. भर दुपारी, साडेबारा वाजता.

कुलूप गंजलं होतं, दोन्ही हातांनी फिरवावं लागलं. आत धूळ. बोटभर धूळ, सगळीकडे. माझ्या बुटांखेरीज एक ठसा नाही. बाहेरच्या खोलीतली घडी केलेली गादी उचलली. मग आतली आणायला गेलो.

पाच मिनिटांनी खाली आलो. तिने विचारलं, "काय होतं वर?"

"काही नाही," म्हटलं. "गाद्या."

तिला मी ते कधी सांगितलं नाही. तुम्हीही कधी भेटलात तर सांगू नका.

आतल्या खोलीत, दाराच्या मागच्या भिंतीवर, पेन्सिलने रेघा मारलेल्या होत्या. आडव्या, बोटभर लांबीच्या, एकीवर एक. सगळ्यात खालची माझ्या गुडघ्याच्या वर, सगळ्यात वरची कमरेच्या जरा खाली. मूल वाढत असलं की त्याला भिंतीला टेकवून उभं करतात आणि डोक्यावर रेघ मारतात ना, तशा. नऊ रेघा. प्रत्येकीपुढे तारीख.

अक्षर त्याचं होतं. तीस वर्षं शेजारच्या टेबलावर बघितलेलं अक्षर, मी चुकणार नाही.

वरच्या रेघेपुढची तारीख त्याच वर्षीची, एकोणीस जुलै होती. तो गेल्याला तेव्हा पंधरा दिवस झाले होते.