खालच्या टाकीतलं पाणी

वर

तिसरा मासा मेला तेव्हा दिनानाथांनी सुनेला आतल्या खोलीत घालून बाहेरून कडी लावली, आणि मगच डिटेक्टिव्हला फोन केला.

डिटेक्टिव्ह हिल्डाबाईंच्या मागोमाग सदानंद फुलपाड्यातल्या त्या फ्लॅटमध्ये शिरला. त्यांची बॅग धरायची आणि चुकीचे तर्क करायचे, हे त्याचं काम. पण ती कडी त्याला बघवेना.

"साबण टाकलाय तिने," दिनानाथ म्हणाले. समुद्री माशांच्या खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीत बारीक बुडबुड्यांचं धुकं दाटलं होतं. उरलेले दोन मासे कोपऱ्यात धापा टाकत होते. "संध्याकाळी तिचा भाऊ येतोय. कबूल केलं तर नांदेल, नाहीतर कायमची माहेरी."

"साबणाचा फेस वर तरंगतो. हे बुडबुडे पंपाच्या नळीतून येतायत." हिल्डाबाईंनी बोट बुडवून जिभेला लावलं. "आणि पाणी अळणी आहे. आम्ही किनाऱ्यावरच्या पापडी गावची माणसं, समुद्राची चव ओळखतो."

"कसं शक्य आहे? पंप जिथून पाणी वर चढवतो त्या खालच्या टाकीत वाफ होऊन जातं तेवढंच गोडं पाणी घालतो. रेघेपर्यंत. रोज."

दार

"उन्नती, बुडबुडे कधी येतात गं?" हिल्डाबाईंनी कडी लावलेल्या दाराशी जाऊन सुनेला विचारलं.

"लाईट परत आली की," दारामागून आवाज आला. "पप्पांना सांगितलं, तर म्हणाले लाईटवर ढकलू नकोस."

"आणि गेली की?"

"वरचं पाणी खाली उतरतं. मागे एकदा फरशीभर झालं. तेव्हाही मीच खाल्ली बोलणी."

सदानंदचा हात कडीकडे गेला. दिनानाथ आडवे आले.

गॅलरी

कुंडीतला कढीपत्ता करपला होता. मातीवर पांढरी खपली.

"खत जास्त झालं," सदानंदने निदान केलं.

"खत कुठलं! नुसतं पाणी घालते रोज," दिनानाथांची बायको सुनंदा म्हणाली.

"नळाला दिवसाआड पाणी, आणि झाडाला रोज?" हिल्डाबाईंनी विचारलं.

सुनंदाबाईंनी पदर तोंडाशी नेला.

खाली

"वाफ झाली तर मीठ मागे राहतं," हिल्डाबाई हॉलमध्ये येऊन म्हणाल्या. "पाणी अळणी झालं, म्हणजे कोणीतरी मिठासकट काढतंय. लोडशेडिंगमध्ये पंप थांबला की खालची टाकी काठोकाठ भरते. तेव्हा ते उपसलं जातं. लाईट आली की पंप पाणी वर चढवतो, खाली उरतं थोडं, आणि पंप हवा ओढायला लागतो. धार मंद, बुडबुडे. वरची टाकी मात्र भरलेलीच दिसते. मग दिनानाथराव, तुम्ही रेघेपर्यंत गोडं ओतता. मासे त्याने मेले."

"उपसलं कोणी?" दिनानाथांनी विचारलं.

"कढीपत्त्यावरची खपली मिठाची आहे."

"मी," सुनंदाबाई म्हणाल्या. "फरशी ओली झाली असती तर पुन्हा पोरीवर ओरडला असतात. फेकवेना, म्हणून झाडाला घातलं. त्याने मासे मरतात, हे मला काय ठाऊक?"

सदानंदने जाऊन कडी काढली.

उन्नती दारात उभी होती, हातात बॅग.

"झालं ते झालं," दिनानाथ टाकीकडे बघत म्हणाले. "ठेव ती बॅग. चहा टाक सगळ्यांना."

"मासे कोणी मारले ते आज कळलं, पप्पा. कडी कोणी लावली ते मला माहीतच होतं. दादा येईपर्यंत मी खाली थांबते."

सुनंदाबाई वाकल्या आणि सुनेच्या चपला तिच्या पायांपुढे सरळ करून ठेवल्या.