घटातली साय

डोंगरावरच्या आरोग्य उपकेंद्रात लशी टोचणाऱ्या भिवराबाईंनी गोणपाटातून मेलेला विद्युतघट काढला आणि प्रयोगशाळेच्या चकचकीत टेबलावर आदळला.

"तुम्ही दिलेल्यातला या हिवाळ्यातला हा तिसरा. उपकेंद्रातला लशींचा फ्रीज बंद पडलाय. मंगळवारी बावीस पोरं डोसाला येतील, त्यांना काय तुमच्या पदव्या टोचू?"

डॉ. मृणाल शेजवलकर ओशाळल्या. त्यांचे सहकारी फिरोज तांबोळी यांनी हवाबंद पेटीत घट उघडून आतली काळी पट्टी दाखवली.

"आजी, हा पोटॅशियमचा घट. पहिल्यांदा चार्ज करताना आतला द्राव या पट्टीवर सायीसारखा थर धरतो. तोच तिला राखतो. पण पोटॅशियमचा कण जाडजूड. शिरला की पट्टी फुगते, निघाला की आक्रसते. साय तडकते, पुन्हा धरते, आणि त्यात द्राव संपत जातो."

"मग चिवट साय धरणारा द्राव घाला की!"

"तोच घातलाय," मृणाल म्हणाल्या. "भरपूर क्षाराचा. पण काकवीसारखा घट्ट. तुमच्या डोंगरावरच्या थंडीत त्यातून कण सरकत नाहीत, पोटॅशियम पट्टीवरच साचतं आणि घट मरतो. पातळ द्राव थंडीत चालतो, पण त्याची साय ठिसूळ. दोन्ही गुणांचा एक द्राव सहा वर्षं शोधतोय."

भिवराबाईंनी दोघांना न्याहाळलं. "बिडाचा तवा आहे का गं घरी?"

"आहे."

"नवा आणलास तेव्हा काय केलंस?"

"तेल चोळून मंद आचेवर तापवला. दोन-तीनदा."

"आणि उरलेलं तेल?"

"पुसून टाकलं."

"मग यात तो घट्ट द्राव का ठेवलाय?"

फिरोजचे हात थांबले. "पण आजी, पातळ द्रावात ती साय विरघळली तर?"

"ते तुम्ही बघा. शिकलात कशाला?"

नवा घट त्यांनी घट्ट द्रावात सावकाश चार्ज केला, द्राव ओतून काढला, पातळ भरला आणि घट शीतकपाटात ठेवला. चार दिवस भिवराबाई विश्रामगृहाच्या चहाला नावं ठेवत मुक्कामाला राहिल्या. सोमवारी सकाळी विसावं चार्जिंग संपलं. घट्ट द्रावात धरलेली साय विरघळली नव्हती, तडकलीही नव्हती.

मृणाल मात्र हातातल्या बाटलीकडे बघत राहिल्या.

"आता काय झालं?"

"हा पातळ द्राव, आजी... माझा अगदी पहिला. साय धरेना म्हणून सहा वर्षांपूर्वी मीच बाद केला होता."

"त्याला जमत नव्हतं तेच काम सांगत होतीस," भिवराबाईंनी गोणपाट पसरलं. "भर तो घट यात. उद्या पोरं येतील."