एकतीस फोनांचा रस्ता

लोकनकाशा केंद्रातल्या मोठ्या पडद्यावर वरचीवाडी दिसत होती, पण वाडीला जाणारा रस्ता गायब होता.

"मी स्वतः त्यावरून चालले आहे, इरफान!" केंद्रप्रमुख डॉ. मृणालिनी खांबेटे कडाडल्या.

"नव्वद दिवसांत एकही फोन तिथून गेलेला नाही," संगणकतज्ज्ञ इरफान मुकादम म्हणाला. "फोन जातात तो रस्ता, जात नाहीत ते रान. नकाशा आपोआप पुसतो."

"मग मी हाताने काढते."

"ते एकच मत धरलं जाईल. फोन असो, गाडी असो, प्रत्येकाला एक मत. तीस लागतात. मॅडम, नियम तुमचाच आहे."

नियम त्यांचाच होता. साहेबलोकांनी नुसते कागदावर रस्ते करू नयेत म्हणून केलेला. आता तो त्यांच्याच गळ्याशी आला होता.

वाडीच्या अलीकडे देवराई होती, आणि राईतून फोन न्यायचा नाही हा तिथला रिवाज. वाडीचे एकतीसही फोन राईअलीकडच्या फणसाखाली टोपलीत असत. बोलायचं तर दहा मिनिटं चालत यायचं. त्यात गुणाजी परबांच्या सुनेला, उज्ज्वलाला, नववा महिना लागलेला. आणि चालकाविना धावणारी रुग्णवाहिका नकाशात नसलेल्या रस्त्यावर चाक घालत नाही. बाईंनी फोनवर गुणाजींची विनवणी केली: देवाला कौल लावा, पण तीस माणसं फोन घेऊन एकदा राईतून जाऊ द्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी इरफान ओरडला, "रस्ता अर्धा उगवला! पण मध्यावर एकतीस माणसं निपचित पडलीत, दोन तास हालचाल नाही. नकाशाने अपघात समजून अकरा रुग्णवाहिका धाडल्यात. त्या फणसाखाली उभ्या आहेत. पुढे वाहतूक तुंबलीय म्हणे, आत जात नाहीत."

बाईंनी पहिल्या गाडीचा भोंगा आणि कॅमेरा जोडला. समोर गुणाजीच आले.

"गुणाजी, माणसं कुठे पडलीत?"

"खयची माणसां? कौल मिळालो, पण तीस माणसांचो कामधंदो कशाक मोडूचो? सगळे फोन टोपलीत घालून मियाच घराक नेलंय."

बाईंनी कपाळावर हात मारला. राईच्या मध्यावर रेंज संपत होती. नकाशाच्या लेखी ते एकतीस जण तिथेच पडलेले.

"मग परत आणा ते!"

"कौल एका खेपेचो होतो. आता दार उघडा, सून येता."

चौघांनी उज्ज्वलाला खुर्चीत बसवून राईतून आणलं होतं. गाडीने तिला आत घेतलं, पण मागे दहा गाड्या. वळायला जागाच नव्हती. बाई पडद्यासमोर नखं खात बसल्या. वीस मिनिटांनी बाळाचं रडणं ऐकू आलं, तेव्हा त्यांनाही रडू आवरेना.

डोळे पुसून पाहतात तो नकाशात फणसावर नवी खूण: 'प्रसूती रुग्णालय. रुग्ण एकतीस, कक्ष अकरा.'

"हे काय नसतं झेंगट!" बाईंनी पुसण्याचं बटण दाबलं.

पडद्यावर अक्षरं उमटली: 'पुसण्याच्या बाजूने मत एक. विरोधात बेचाळीस.'