आतून लागलेली टिचकी

जेवणं आटोपली, वीज गेली, तेव्हा ईरप्पाकाकांनी अंगणात टेकलेल्या पोरांना सांगितलेली ही गोष्ट. त्यांच्या शेजारच्या फकीरप्पाची. पटत नसेल तर गदगच्या हुसेनसाबला विचारा म्हणाले, तो अजून गाड्यांच्या काचाच बसवतो.

दसऱ्यानंतरचा दुसरा सोमवार, दिवेलागण व्हायची होती. फकीरप्पा गाडी घेऊन हुसेनसाबच्या दुकानी गेला. गाडी जुनीच घेतलेली. पुढच्या काचेला, ड्रायव्हरशेजारच्या जागेसमोर, मसुराएवढी टिचकी, उडालेला टवका. दुसऱ्या दिवशी बायकोला, नीलव्वाला, सातव्या महिन्याच्या हिरव्या बांगड्या भरायच्या होत्या आणि याच गाडीत पुढे बसवून माहेरी पोचवायचं होतं. नवी काच हुबळीहून बुधवारी येणार. रसायन भरून टिचकी बुजवली तर काम आजच होणार.

हुसेनसाबनं बाहेरून काचेवर नख फिरवलं. गुळगुळीत. आत बसून फिरवलं. नख अडकलं. तो खाली उतरला.

"भरून भागायचं नाही. काच बदल."

"मामा, डोकं दुखतंय म्हणून आलेल्याचं तू मुंडकंच बदलशील."

"खडा बाहेरून लागतो, अण्णा. ही आतून लागलीय."

काच खपवायचा नवा बहाणा, असं फकीरप्पानं मनात म्हटलं. टिचकी भरूनच घेतली आणि निघाला.

घराकडे जाताना, मुंडरगीच्या रस्त्यावर अंधार पडला. लांब पवनचक्क्यांचे लाल दिवे. शेजारची जागा रिकामी.

टिक्.

रसायन वाळत असेल...

टिक्. टिक्.

काचेवर बांगडी आपटावी, तसं. त्यानं गाडी थांबवली. आवाज थांबला. गाडीत कुणी नाही. म्हाताऱ्यानंच काही करून ठेवलंय, याचा जाब विचारायला त्यानं गाडी गदगकडे वळवली. आवाज नाही. खात्री करायला पुन्हा घराकडे वळवली.

टिक्... टिक्... टिक्...

भरलेल्या जागेतून तडा निघाला. हळूहळू. त्याच्या डोळ्यांदेखत.

फकीरप्पानं शेजारी पाहिलं नाही. मान वळेना. गाडी फिरवली, ती थेट हुसेनसाबच्या दारात. त्यानं गाडी ठेवून घेतली आणि हुबळीला नवी काच सांगितली.

मंगळवारी सकाळी बांगड्या भरल्या, हिरव्या, सोनेरी ठिपक्यांच्या. दुपारी आपल्या आईबरोबर नीलव्वा बसनं माहेरी गेली. गाडीनं का नाही, म्हणून फकीरप्पाला त्याच्या सासरच्यांनी टोमणे मारले. 

बुधवारी हुसेनसाबनं जुनी काच कापून काढली. काच चिकटवलेला डिंक कारखान्यातलाच, कुठे उकललेला नाही. त्या डिंकाखाली, खाचेत, काहीतरी चमकलं. त्यानं चिमटीत धरून ते फकीरप्पाच्या तळहातावर ठेवलं.

फकीरप्पानं नीलव्वाला फोन लावला. ती बरी होती. नुकतीच जेवली होती.

"हातातल्या बांगड्या बघ," तो म्हणाला.

तिनं बांगड्या मोजल्या.

"एक नाहीये... फुटल्याचा आवाजही आला नाही हो."

त्याच्या तळहातावर हिरव्या बांगडीचा अर्धा तुकडा होता. सोनेरी ठिपक्यांचा. अजून कोमट.